मे महिन्यात ग्रीस: आईबाबांना घेऊन किती बेटं जमतील?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही पाच जण ग्रीसला जायचं ठरवतोय. मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. बाबा ७२ वर्षांचे, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. अथेन्सचं पार्थेनॉन देऊळ फळ्यावर असंख्य वेळा काढलंय, एकदा डोळ्यांनी बघायचंय म्हणतात. आई ६८ ची, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी (अंडंही नाही). लेकीला समुद्र हवाय. हातात ११ रात्री आहेत.

कच्चा आराखडा असा: अथेन्स २ रात्री (त्यातच एक दिवस डेल्फीचे प्राचीन अवशेष), मिकोनोस २, सांतोरिनी ३, क्रीट ४. शेवटच्या दिवशी सकाळी क्रीटहून विमानाने अथेन्स आणि त्याच संध्याकाळी मुंबईचं विमान.

प्रश्न: (१) हे फार धावपळीचं होतंय का? (२) आईच्या जेवणाचं काय? (३) गुडघ्यांना झेपेल असे कोणते अवशेष? (४) व्हिसाची तयारी कधी सुरू करावी? तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

चाफेकळी

वाचनखूण साठवली. आम्हीही दिवाळीचा विचार करतोय.

दर्यावर्दी

पाऊलवाट, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, फार धावपळीचं होतंय. नकाशावर ही बेटं एकमेकांना खेटून दिसतात, पण एक बेट बदललं की अख्खा दिवस जातो. सकाळी खोली रिकामी करा, धक्क्यावर जा, बोट उशिरा येते, उतरा, पुढच्या हॉटेलची गाडी शोधा, तिथली खोली तीनला मिळणार. तीन बेटं म्हणजे असे तीन दिवस गेले. शिवाय दोन रात्रींच्या अथेन्समध्ये डेल्फी बसवलंत तर बाबांच्या वाट्याला अथेन्स किती उरलं? डेल्फी अथेन्सहून साधारण १८० किलोमीटर आहे, बसने एका बाजूला तीन तास.

बोटीत चढण्याउतरण्याचा प्रकार आधी समजून घ्या. मोठ्या बोटींमध्ये सामान खाली गाड्यांच्या डेकवर ठेवावं लागतं. तिथे लोखंडी मांडण्या असतात आणि त्यांवर बेटांची नावं लावलेली असतात. आपलं बेट यायच्या आधी घोषणा होते, सगळे खाली उतरून ट्रक आणि मोटारींच्या मध्ये उभे राहतात, मागचा रॅम्प खाली येतो आणि बोट पुरती स्थिरावायच्या आत लोक चालायला लागतात. काही मिनिटांत रॅम्प परत वर. तरण्या माणसाला मजा वाटते, पण तुमच्या आईंना हे कमीत कमी वेळा करायला लागावं असं बघा. एकाने आईंचा हात धरायचा, बॅगा बाकीच्यांनी. मोठ्या बोटींमध्ये वरच्या मजल्यावर जायला सरकते जिने किंवा लिफ्ट असते, तिकीट काढताना विचारून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्समध्येच झोपा. यात तडजोड करू नका. वारा वाढला की बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात, जोरदार वाऱ्यात बेटांवरची छोटी विमानंही रखडतात. मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जुलै-ऑगस्टमध्ये जास्त असतो, मे त्या मानाने शांत. तरी समुद्र तो समुद्र.

शिरीष_फुले

चौथ्या प्रश्नाबद्दल. शेंगेन व्हिसाचा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. पण मे महिन्यासाठी अर्धा महाराष्ट्र युरोपात निघालेला असतो, भेटीची वेळच मिळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घेऊन टाका. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, केंद्राची सेवा वेगळी. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. आईबाबांचे पासपोर्ट आजच कपाटातून काढून बघा.

बाबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद आणि त्यांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र, दोन्ही जोडा.

कोथिंबीरवडी

आईंच्या जेवणाची अजिबात काळजी करू नका! मी स्वतः शाकाहारी आहे आणि ग्रीसमध्ये जितकं छान जेवले तितकं युरोपात दुसरीकडे कुठे जेवले नाही.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास वर्षभर असतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूधदुभतं चालत नाही. त्यामुळे तिथल्या घराघरात भाज्या-कडधान्यांचा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. उपासाच्या पदार्थांना 'निस्तीसिमो' म्हणतात, हा शब्द पाठ करा. पण एक धोका आहे: उपासाला कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात. म्हणून निस्तीसिमो म्हणाल्यावर 'समुद्रातलंही नको' हे वेगळं सांगायचंच.

काय मागवायचं ते लिहून ठेवा. फावा: सांतोरिनीची खासियत, पिवळ्या डाळीचं घट्ट, मऊ शिजवलेलं, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्ह तेल. आईंना आपल्या गोळा वरणाची आठवण येईल. गीगांतेस: टपोरे पांढरे घेवडे टोमॅटोच्या रश्श्यात भट्टीत भाजलेले. ब्रियाम: बटाटा, वांगं, भोपळ्याच्या जातीची भाजी, सगळं एकत्र भाजलेलं. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, पण यात कधी कधी खिमा असतो, विचारून घ्या. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानपालेभाज्या, लिंबू पिळून. आंबाडी-चाकवत खाणाऱ्या माणसाला फार आवडतात. नाश्त्याला घट्ट दही, मध आणि अक्रोड.

लेकीसाठी लुकुमादेस. गरम तळलेले गोळे, वर मध आणि दालचिनी.

बंडू_नाशिककर

कोथिंबीरवडीताई, रात्री साडेअकराला हे वाचायला नको होतं. उठून डबे उघडतोय.

तळेगावची_सई

पाऊलवाट, मिकोनोस काढून टाका. तुमच्या घरातल्या पाच जणांपैकी तिथे नक्की कुणाला जायचंय? तिथली रात्रीची धमाल ना आईबाबांच्या कामाची, ना लेकीच्या. आणि दर तर विचारू नका.

उंबरठा

मी सईच्याही पुढे जाऊन म्हणेन, की ही सगळीच बेटं सोडा. बाबा इतिहासाचे शिक्षक आहेत ना? मग त्यांना पेलोपोनेसला, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात न्या. हे मी मनापासून सांगतोय, कारण माझ्या वडिलांना घेऊन मी तसंच केलं आणि तो प्रवास ते अजून शेजाऱ्यांना ऐकवतात.

अथेन्सहून नाफ्प्लिओ बसने सुमारे अडीच तास. समुद्रकाठचं टुमदार गाव, १८३४ मध्ये राजधानी अथेन्सला हलली त्याआधी नव्या ग्रीसची राजधानी हेच होतं. धक्क्याच्या कडेने सपाट फरसबंदी रस्ता, संध्याकाळी अख्खं गाव तिथे फिरायला. आईंना रोज तासभर चालता येईल. वर पालामिदीचा किल्ला आहे. पायऱ्या शेकड्यांनी, पण मागून गाडीरस्ता थेट दरवाज्यापर्यंत जातो.

तिथे मुक्काम ठोकून एक दिवस मायसीनी हे कांस्ययुगातलं तटबंदीचं नगर. सिंहद्वार इ. स. पू. १२५० च्या सुमाराचं. दोन सिंहिणी समोरासमोर, मध्ये खांब, डोकी केव्हाच गेलेली. उत्खनन करणाऱ्या श्लीमानला १८७६ मध्ये इथेच सोन्याचे मुखवटे सापडले. ते बघायचे तर अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. गडावर चढ आहे, पण रस्त्यालगतची 'आत्रेउसचा खजिना' म्हणतात ती घुमटाकार कबर चढण्यासारखी नाही. ती आईंना नक्की दाखवा. दरवाज्यावरची आतली शिळा १२० टनांच्या आसपास आहे. आत गेल्यावर दगडाचे थर एकावर एक सरकत वर निमुळते होत जातात, कुठेही चुना नाही. माझे बाबा त्या थरांना हात लावून उभेच राहिले, तिथला कर्मचारी 'हात नको' म्हणाला तेव्हा भानावर आले.

दुसऱ्या दिवशी एपिडॉरसचं नाट्यगृह. इ. स. पू. चौथं शतक, ५५ रांगा, हजारो माणसांची बैठक. मध्यभागी कागद फाडला तरी वर ऐकू येतो म्हणतात. तो खेळ लेक दिवसभर खेळेल. उन्हाळ्यात तिथे आजही नाटकं होतात. आणि पोहायला तोलोचा किनारा नाफ्प्लिओपासून जवळच.

बोट नाही, धक्का नाही, वाऱ्याची चिंता नाही.

नीलमोहर

उंबरठा, पोस्ट सुंदर, पण ११ वर्षांच्या मुलीला ग्रीसला नेऊन एकही बेट दाखवायचं नाही? मला पटत नाही. सगळा प्रवास बाबांच्या अभ्यासक्रमावर बेतू नका.

उंबरठा

हे मान्य. मग एजिना. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून साध्या बोटीने सव्वा तासाच्या आसपास. आफायाचं देऊळ आहे, खांब अजून उभे आहेत. समुद्र आहे, आणि तिथला पिस्ता ग्रीसभर प्रसिद्ध. सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

सातारी_कंदी

क्रीटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. क्नोसॉसच्या प्राचीन राजवाड्यासाठी क्रीट ठरवत असाल तर विचार करा. मला ते जुनं वाटलंच नाही. लाल खांब, रंगवलेल्या भिंती, सगळं उत्खनन करणाऱ्या आर्थर इव्हान्सने विसाव्या शतकात सिमेंट-काँक्रीट ओतून उभं केलेलं. भित्तिचित्रं तर तिथे नकलाच आहेत.

नीलमोहर

नकला आहेत कारण मूळ चित्रं इराक्लिओच्या संग्रहालयात जपून ठेवली आहेत, आणि ते संग्रहालय बघितलं नाही तर क्नोसॉस अर्धंच बघितलं. दोन्ही एकाच दिवशी करायचं, आधी राजवाडा सकाळी लवकर, मग दुपारच्या उन्हात संग्रहालय. फेस्टोसची मातीची तबकडी तिथेच आहे, चक्राकार उमटवलेल्या खुणांची, १९०८ साली सापडली आणि अजून कुणाला वाचता आलेली नाही. मुलं तिच्यासमोरून हलत नाहीत.

इव्हान्सने अति केलं हे खरं. 'लिलींचा राजकुमार' हे भित्तिचित्र वेगवेगळ्या तुकड्यांतून जोडलंय आणि ते तुकडे एकाच आकृतीचे नसावेत असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. पण त्या काँक्रीटमुळेच साध्या माणसाला कळतं की जिना इथून खाली जायचा, उजेड त्या झरोक्यातून यायचा. नुसत्या पायाच्या रेघा बघून हे समजायला पुरातत्त्वाची पदवी लागेल. या बाबतीत मी इव्हान्सच्या बाजूने आहे.

तरी या ११ रात्रींत क्रीट नको. पूर्व-पश्चिम २६० किलोमीटर लांबीचं बेट आहे ते, स्वतंत्र सहल म्हणून करा.

लेणीप्रेमी

थोडं अवांतर, पण पाऊलवाट यांच्या बाबांसाठी मुद्दाम. ग्रीसला जायच्या आधी त्यांना घेऊन कार्ल्याला जाऊन या. चैत्यगृहातल्या खांबांवर ब्राह्मी लेख आहेत आणि त्यांतले कित्येक दाते स्वतःला धेनुकाकटाचे 'यवन' (म्हणजे ग्रीक) म्हणवतात. नावं मात्र आपल्याकडची, म्हणजे ते पुरते इथले झालेले असावेत असं मला वाटतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ व्या लेण्यात उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचा लेख आहे. जुन्नरलाही यवनांची दानं आहेत. सह्याद्रीतले खांब बघून मग पार्थेनॉनचे खांब बघितले तर शिक्षक माणसाला बोलायला किती मिळेल बघा.

पाऊलवाट

लेणीप्रेमी, बाबांना वाचून दाखवलं. 'कार्ल्याला या रविवारीच जाऊ' म्हणून मोकळे झाले, पायऱ्यांची आठवण आईने करून दिली.

मिकोनोस आणि क्रीट काढलं. पण सांतोरिनीवर माझा जीव अडकलाय. तिथे नुसती गर्दी आणि फोटोच का? आणि हल्ली भूकंपाचं काही ऐकलं होतं?

बंडू_नाशिककर

इतिहासाचे सर बरोबर आहेत म्हणजे गाइडचे पैसे वाचले. आमचे एक सर औरंगाबादच्या सहलीत बोलायला लागले की दुसऱ्या शाळांची मुलंही आमच्या रांगेत येऊन बसायची.

अथेन्सची_मराठमोळी

नोकरीनिमित्त अथेन्सला राहते, म्हणून लिहायचा मोह आवरत नाही.

भूकंप: २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सांतोरिनी-अमोर्गोस भागात लागोपाठ धक्के बसत होते, हजारो लोक बेट सोडून गेले, शाळा बंद होत्या. नंतर ते शमलं आणि त्या उन्हाळ्यात पर्यटन चालू होतं. निघायच्या आधी सरकारी सूचना बघा, एवढंच.

सांतोरिनी नुसते फोटो नाहीत. अक्रोतिरी बघा. इ. स. पू. १६०० च्या आसपास ज्वालामुखीचा महास्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला, समुद्र आत आला आणि हे नगर राखेखाली गाडलं गेलं. १९६७ पासून पुरातत्त्वज्ञ मारिनातोसनी पद्धतशीर उत्खनन केलं. दोन-तीन मजली घरं उभीच्या उभी आहेत. एक दगडी जिना आहे, त्याची प्रत्येक पायरी मधोमध तडकलेली, स्फोटाआधीच्या भूकंपात. धान्याचे मोठाले रांजण जागच्या जागी. एका घरात वरच्या मजल्यावर संडास आणि भिंतीतून खाली गटारापर्यंत मातीचा नळ! आणि मानवी सांगाडे सापडले नाहीत, लोक आधीच निघून गेले असावेत. सगळं उत्खनन छपराखाली आहे, चालायला सपाट फळ्या आणि उतार. पाऊलवाट, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर हेच. गुडघे आणि ऊन, दोन्ही सुटतं.

इया गावातला सूर्यास्त सोडला तरी चालेल. आईंना त्या गर्दीत पायऱ्यांवर उभं करू नका. कॅल्डेरा (ज्वालामुखी खचून झालेलं, समुद्राने भरलेलं विवर) दिसणाऱ्या कुठल्याही गावातून तोच सूर्य मावळतो. जुन्या बंदरातून वर यायला ५८८ पायऱ्या आहेत, पण तुमची बोट आथिनिओसच्या नव्या बंदरात लागेल, तिथून गाडीने वर.

ॲक्रोपोलिस (पार्थेनॉन आहे ती टेकडी): तिकीट ३० युरो, ठरावीक वेळेचं, आधीच ऑनलाइन काढायचं. मुलांच्या सवलती युरोपातल्यांना वेगळ्या आणि बाहेरच्यांना वेगळ्या, अधिकृत संकेतस्थळावर वाचून घ्या. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय, रबरी तळाचे बूटच हवेत. ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी लिफ्ट आहे, पण ती चालू आहे का हे आदल्या दिवशी विचारा, वारा-पाऊस असला की बंद ठेवतात. कडक उष्णतेच्या लाटेत दुपारी ॲक्रोपोलिसच बंद करतात, जून-जुलैत तसं झालंय.

बाबांना पार्थेनॉनपाशी एक सांगा: चौथऱ्याच्या लांब बाजूला एका टोकाशी उभं राहून पायरीच्या कडेने नजर टाकायची. पायरी सरळ नाही, मध्ये हलकीशी उचललेली आहे. खांबही आत कललेले. हे फळ्यावर काढता येत नाही.

आणखी दोन गोष्टी. बेटांवर आणि जुन्या इमारतींत कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारी डबा असतो. आणि हॉटेलच्या दरावर प्रत्येक रात्री प्रत्येक खोलीमागे वेगळं शुल्क तिथेच भरावं लागतं, हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे. २०२५ मध्ये उन्हाळी मोसमात तीन ताऱ्यांना ५ युरो, चार ताऱ्यांना १० होतं.

तळेगावची_सई

सांतोरिनी दोनच रात्री, आणि आधी नाक्सोस चार. नाक्सोसला लांबलचक वाळूचे किनारे, उथळ पाणी, लेकीसाठी उत्तम. मेअखेर पाणी गार असतं, पण मुलांना त्याचं काही वाटत नाही. धक्क्यालगत अपोलोच्या अपुऱ्या देवळाचा भला थोरला संगमरवरी दरवाजा उभा आहे. आणि नाक्सोसहून मोसमात डेलोसला दिवसभराच्या बोटी जातात, म्हणजे मिकोनोसचा मुक्काम न करता डेलोस.

दर्यावर्दी

सईशी सहमत. डेलोसला सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी घेऊन जा. त्या बेटावर कुणी जन्मायचं नाही आणि मरायचं नाही असा नियम होता, कारण अपोलोचं जन्मस्थान. आजही तिथे पर्यटकांना मुक्काम करता येत नाही.

चाफेकळी

दिवाळीत गेलं तर चालेल का? कुणी सांगेल का?

अथेन्सची_मराठमोळी

चाफेकळी, ऑक्टोबर मध्यापर्यंत असेल तर फार छान, समुद्रही उबदार. दिवाळी नोव्हेंबरात आली तर छोट्या बेटांवरची बरीच हॉटेलं आणि खानावळी बंद झालेल्या असतात, बोटीही कमी. तेव्हा अथेन्स, नाफ्प्लिओ, डेल्फी करा.

पाऊलवाट

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. घरी चर्चा होऊन हे ठरलं:

अथेन्स ३ रात्री, मोठ्या बोटीने नाक्सोस ४ (त्यात एक दिवस डेलोस, आई नको म्हणाली तर ती आणि नवरा किनाऱ्यावर थांबतील), सांतोरिनी २, तिथून विमानाने अथेन्स आणि शेवटच्या २ रात्री तिथेच. त्या मोकळ्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालय, म्हणजे अक्रोतिरी बघून आल्यावर तिथली मूळ भित्तिचित्रं बघता येतील. डेल्फी यावेळी नाही. बाबा जरा हिरमुसले, पण उंबरठा यांची पोस्ट वाचून आता 'पुढच्या वेळी पेलोपोनेस' म्हणताहेत.

एकच शंका. नाक्सोसवर गाडी भाड्याने घ्यायची तर आपला परवाना चालतो का?

शिरीष_फुले

आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो आरटीओतून मिळतो, शुल्क १००० रुपये, एक वर्ष चालतो. पासपोर्टची प्रत मागतात. अर्जासाठी व्हिसाची अट २०२१ मध्ये काढून टाकली, त्यामुळे व्हिसासाठी थांबायची गरज नाही. छोट्या बेटांवर ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, तशीच हवी असेल तर आधीच सांगून ठेवा.

सातारी_कंदी

शेवटच्या दोन रात्री अथेन्समध्ये ठेवल्यात हे फार बरं केलंत. संग्रहालयात अँटिकिथेराचं दातेरी चाकांचं यंत्रही बघा, १९०१ साली बुडी मारणाऱ्या माणसांनी समुद्रातून काढलेलं. तिथे तासभर जास्त धरा, सर लवकर निघणार नाहीत.